ल्यूटवादक जॉन डाउलंड



धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या स्मरणपुस्तिकेंत साधुसंतांचीं चरित्रें यावींत, प्रारंभींच्या कष्टाच्या दिवसांत खपलेल्या धर्मगुरूंचें व धर्मभगिनींचें स्मरण व्हावें, हें सर्वथा योग्य आहे. ज्या पुरुषाचें चरित्र मीं येथें लिहावयास घेतलें आहे, तो मात्र संत नव्हे. हुतात्मा तर नव्हेच नव्हे. पोटासाठीं ल्यूट नांवाचें तंतुवाद्य वाजविणारा तो एक इंग्रज वादक होता. ऐन तारुण्यांत तो परदेशीं कॅथलिक झाला, आणि सुमारें पंधरा वर्षांनीं आपल्याच हातानें पत्र लिहून त्या श्रद्धेपासून दूर झाला. मग अशा माणसाची कथा ज्युबिलीच्या पुस्तिकेंत कशाला, असें कोणी विचारील. तिचें निमित्त आमच्या गायनवृंदांतील गिटार हें होय.

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं मिस्सा आटोपल्यावर गायनवृंदांतील एक तरुण रिकाम्या देवळांत गिटार घेऊन एकटाच वाजवीत बसला होता. नेहमींच्या गीतांची ती साथ नव्हती. एक संथ चाल वरच्या स्वरावरून पायरीपायरीनें खालीं उतरत होती, आणि तिच्या मागून दुसरे दोन-तीन स्वरप्रवाह आपापल्या वाटेनें चालत होते. एवढें सारें एका माणसाच्या दोन हातांतून निघत आहे हें पाहून मी सॅक्रिस्टीच्या दारांतच थबकलों. विचारतां त्यानें सांगितलें कीं ही रचना मूळची गिटारीची नव्हेच. चारशें वर्षांपूर्वीं ती ल्यूटसाठीं रचली गेली, रचणाराचें नांव जॉन डाउलंड, आणि गिटारीची एक तार थोडी उतरविली कीं ती जवळजवळ जशीच्या तशी वाजवितां येते. नांवापलीकडे त्या माणसाविषयीं त्याला कांहीं ठाऊक नव्हतें. सेमिनरींत असतांना तें नांव माझ्याही कानांवरून गेलें होतें, पण त्याची हकीकत मीं त्यानंतरच शोधून वाचली. आणि वाचल्यावर ती मनांतून जाईना.

प्रथम वाद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ल्यूट हें नांव अरबांच्या ‘ऊद’ या वाद्याच्या नांवावरून आलें, आणि वाद्यही त्याच घराण्यांतलें. आपल्या शेजारच्या मिरजेंत सतार व तंबोरा करणारे कारागीर भोपळ्याची पाठ घेतात. ल्यूटची फुगीर पाठ मात्र लांकडाच्या पातळ पट्ट्या वांकवून व एकमेकींस चिकटवून करीत असत. पुढच्या फळीवर साध्या भोंकाऐवजीं कोरीव जाळी असे. तारा धातूच्या नसून आतड्याच्या तांतीच्या, आणि बहुतेक जोडीजोडीनें लावलेल्या. दांडीवरचे पडदेही तांतीचेच, गांठ मारून बांधलेले; आपल्या सतारीच्या पडद्यांप्रमाणें ते थोडे पुढेंमागें सरकवितां येत. वादक नखी न घेतां नुसत्या बोटांच्या टोकांनीं वाजवी. आवाज लहान, एका दालनापुरता. परंतु त्यांत एकाच वेळीं तीन-चार स्वरप्रवाह चालवितां येत असल्यामुळें सोळाव्या शतकांतील युरोपांत या वाद्यास मोठा मान होता. राजेरजवाडे ल्यूटवादकांना पगारी चाकरींत ठेवीत. हें चाकरीचें प्रकरणच आपल्या कथेच्या मुळाशीं आहे.

जॉन डाउलंड १५६३ सालीं जन्मला. त्या वेळीं इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती, आणि तेथील ख्रिस्तसभा रोमपासून तोडली गेली होती. १५७० सालीं पोपमहाशय पायस पांचवे यांनीं राणीस बहिष्कृत केलें. तेव्हांपासून कॅथलिक असणें व राजद्रोही असणें यांतील अंतर सरकारच्या दृष्टीनें झपाट्यानें कमी होत गेलें. १५८१ च्या कायद्यानें कोणास कॅथलिक धर्मांत आणणें हा राजद्रोह ठरला, आणि १५८५ च्या कायद्यानें परदेशांत दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हाच देहान्ताचा गुन्हा झाला.

याच काळांत दोन इंग्रज आपला देश सोडून निघाले. पहिले आपल्या सर्वांस परिचित आहेत. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन बंदरांतून निघून ऑक्टोबरांत गोव्यास उतरलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं साष्टींत चाळीस वर्षें काढलीं, आपली भाषा आत्मसात केली, आणि १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला दिलें. ते पुन्हां मायदेशीं गेले नाहींत. १६१९ सालीं गोव्यांतच निवर्तले. दुसरा हा डाउलंड. फादर स्टीफन्स गोव्यास पोंचले त्याच्या पुढच्याच वर्षीं, १५८० सालीं, सतरा वर्षांचा डाउलंड पॅरिसमधील इंग्रज वकील सर हेन्री कोबम यांच्या पदरीं चाकर म्हणून फ्रान्सांत गेला. त्याला परतावयाचें होतें, आणि परतून राणीच्या दरबारांत ल्यूटवादकाची जागा मिळवावयाची होती. एक गेला तो पुन्हां मागें न पाहण्यासाठीं. दुसऱ्याची नजर आयुष्यभर लंडनवरच खिळलेली राहिली.

पॅरिसमध्यें त्या वेळीं इंग्रज कॅथलिक निर्वासितांची मोठी वस्ती होती. त्यांत धर्मगुरु होते, आणि पूर्वीं राणीच्या प्रार्थनामंदिरांत गाणारा एक गायकही होता. त्यांच्या सहवासांत हा तरुण कॅथलिक झाला. १५८१ च्या डिसेंबरांत फादर एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्यें टायबर्नच्या वधस्तंभावर नेण्यांत आलें. ही वार्ता पॅरिसच्या त्या वस्तींत पोंचली तेव्हां डाउलंड तेथेंच होता. मनुष्य अठरा वर्षांचा असतांना अशा हवेंत जें स्वीकारतो तें मनापासून स्वीकारतो, असें मला वाटतें. पुढें त्यानें स्वतः याला तरुणपणींची फसगत असें रूप दिलें, तरी माझें मत बदलत नाहीं.

कांहीं वर्षांनीं तो इंग्लंडास परतला. त्यानें लग्न केलें, मुलेंबाळें झालीं, १५८८ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठानें त्याला संगीताची पदवी दिली, आणि उत्तम ल्यूटवादक म्हणून त्याचें नांव होऊं लागलें. १५९४ सालीं दरबारचा ल्यूटवादक जॉन जॉन्सन मरण पावला. डाउलंडनें त्या जागेसाठीं प्रयत्न केला. जागा त्याला मिळाली नाहीं.

आपण कॅथलिक असल्यामुळेंच डावलले गेलों, अशी त्याची खात्री झाली. तशी ती होणें स्वाभाविक होतें. परंतु इतिहास पाहतां गोष्ट तितकी सरळ दिसत नाहीं. त्याच दरबारांत विल्यम बर्ड हा थोर संगीतकार उघडउघड कॅथलिक होता. प्रॉटेस्टंट उपासनेस न गेल्याबद्दल त्याच्या घराण्यावर खटले भरले गेले, त्यानें लॅटिन मिस्सांचें संगीत रचून छापलें, आणि तरी राणीच्या प्रार्थनामंदिरांतील त्याची जागा कायम राहिली. शिवाय जॉन्सनची जागा डाउलंडला नाकारून दुसऱ्या कोणास लगेच दिली असेंही झालें नाहीं. ती कांहीं वर्षें रिकामीच ठेवण्यांत आली. खजिन्याची काटकसर हेंही कारण असूं शकतें. पण ज्याच्या तोंडचा घांस जातो त्याला हिशेब असा थंडपणें मांडतां येत नाहीं. धर्मगुरु या नात्यानें अनेक वर्षें लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकतांना मीं पाहिलें आहे कीं नोकरी न मिळण्याचें खरें कारण आणि मनाला पटलेलें कारण हीं पुष्कळदां दोन निराळीं असतात, आणि माणूस जगतो तो मनाला पटलेल्या कारणाप्रमाणें.

मन उद्विग्न होऊन त्यानें परदेशाची वाट धरली. जर्मनींत ब्रन्सविकचा ड्यूक हाइनरिख यूलियस यानें त्याला सोन्याची सांखळी, रोख रक्कम, मखमल व साटिन देऊन गौरविलें आणि आपल्या चाकरींत राहण्याचा आग्रह केला. हेसचा अधिपति मॉरिट्झ हा स्वतः संगीत जाणणारा. त्यानेंही भरपूर देणग्या दिल्या, आणि डाउलंडच्या पत्नीसाठीं वीस पौंड किंमतीची अंगठी इंग्लंडास धाडली. त्या बाईचा उल्लेख या चरित्रांत असा अधूनमधून येतो. नवरा देशोदेशींच्या दरबारांत वाजवीत हिंडत आहे, आणि ती लंडनमध्यें मुलें सांभाळीत आहे. पुढें एकदां त्याच्या गीतसंग्रहाच्या हस्तलिखिताचे वीस पौंडही एका प्रकाशकानें तिच्याच हातांत ठेवले. तो स्वतः त्या वेळीं डेन्मार्कांत होता.

जर्मनींतील आग्रह मोडून डाउलंड आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. त्याला रोमला जावयाचें होतें. तेथें लुका मारेंत्सियो हा त्या काळचा नामांकित गीतरचनाकार होता, आणि त्याच्यापाशीं शिकण्याची डाउलंडची फार दिवसांची इच्छा होती. व्हेनिसमध्यें संत मार्कच्या देवळांतील उपसंगीतप्रमुख जोव्हान्नी क्रोचे यांच्याशीं त्याचा स्नेह जडला. पादुआ, जिनोआ, फेरारा अशीं नगरें पाहत तो फ्लॉरेन्सला आला, आणि तेथें ग्रँड ड्यूक फर्दिनांदो याच्यापुढें त्याचें वादन होऊन मोठा सन्मान झाला. रोम आतां थोड्याच मजलांवर राहिलें होतें.

फ्लॉरेन्समध्यें त्याची गांठ पुन्हां इंग्रज कॅथलिक निर्वासितांशीं पडली. त्यांत स्कडमोर नांवाचे एक धर्मगुरु होते. त्यांनीं त्याला रोममधील ओळखीचीं पत्रें देऊं केलीं. पोपमहाशयांकडून मोठें वेतन मिळेल, सारे कार्डिनल तुझें कौतुक करतील, असें त्याला सांगण्यांत आलें. डाउलंडच्या मनांत आलें कीं मग बायकामुलांना इकडे आणावयाचें कसें? परंतु बोलणें जसजसें वाढत गेलें तसतसें त्याच्या ध्यानांत आलें कीं या मंडळींतील कांहींजणांचे मनसुबे केवळ धर्माचे नाहींत. स्पेनच्या राजाची स्वारी इंग्लंडवर कधीं येते याची ते वाट पाहत आहेत. तो घाबरला. आपण उपासमारीच्या भयानें आपल्या राणीच्या, देशाच्या व बायकामुलांच्या वैऱ्याचे चाकर होऊं घातलों आहों, या विचारानें तो एकांतांत जाऊन रडला. हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. रोमचा मार्ग सोडून तो उलट फिरला आणि जर्मनींत न्यूरेंबर्गला आला.

तेथून १० नोव्हेंबर १५९५ रोजीं त्यानें राणीचे मंत्री सर रॉबर्ट सेसिल यांना तें लांबलचक पत्र लिहिलें. मूळ पत्र सेसिल घराण्याच्या हॅटफील्ड येथील दप्तरांत जपून ठेवलेलें आहे. त्यांत त्यानें आपली सारी कहाणी सांगितली: पॅरिसमध्यें आपण कोणाच्या नादानें कॅथलिक झालों, त्यामुळें दरबारची जागा कशी हुकली, इटलींत कोण कोण भेटले आणि काय काय बोलले. नांवें दिलीं. इंग्लंडांत आपण कधीं मिस्सा ऐकली नाहीं असें निक्षून सांगितलें. राणीवरील निष्ठा पुन्हां पुन्हां सांगून त्या पंथाशीं आपला संबंध उरला नसल्याचें जाहीर केलें.

याच वर्षाच्या फेब्रुवारींत फादर रॉबर्ट साउथवेल या येशूसंघीय कवीनें लंडनमध्यें फांसावर प्राण दिले होते. त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच त्यांचें एक दीर्घ काव्य छापून निघालें. त्याचा विषय होता संत पेत्राचा शोक. प्रभूला तीन वेळां नाकारल्यावर कोंबडा आरवतो, पेत्र बाहेर जाऊन रडतो, ती कथा. नवल असें कीं त्याच वर्षीं म्युनिकच्या दरबारचा थोर संगीतकार ओर्लांदो दि लास्सो याची शेवटची कृति प्रसिद्ध झाली. तिचाही विषय संत पेत्राचे अश्रु हाच. पेत्राचें रडणें त्या काळच्या कॅथलिक युरोपाच्या जणूं कानांत बसलें होतें. डाउलंडनें यांतील काय वाचलें अथवा ऐकलें याविषयीं मी कोणताच दावा करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं एकाच वर्षांत एक इंग्रज कॅथलिक फांसाखालीं ठाम उभा राहिला, आणि दुसऱ्यानें नांवांची यादी लिहून दिली.

या पत्राबद्दल डाउलंडचा कैवार घेणारे पुष्कळ आहेत. तो कलावंत होता, राजकारणांत त्याला गति नव्हती, बायकामुलें दूर होतीं, फितुरीच्या आरोपाचें भय खरें होतें. हें सर्व मला मान्य आहे. शस्त्रबळानें इंग्लंड जिंकूं पाहणाऱ्यांची संगत त्यानें सोडली, यांतही मी दोष पाहत नाहीं. पण ज्यांनीं परक्या नगरांत त्याला घरांत घेतलें त्यांचीं नांवें मंत्र्याच्या हातीं देणें, आणि देतांना आपल्या रिकाम्या जागेची आठवण करून देणें, हें मला गोड करून सांगतां येत नाहीं. आणि इतकें करून त्याला मिळालें काय? दरबारची जागा तेव्हांही मिळाली नाहीं.

१५९६ च्या डिसेंबरांत हेन्री नोएल या त्याच्या दरबारी हितकर्त्यानें पत्र पाठवून त्याला मायदेशीं बोलाविलें. राणी तुझी आठवण काढते, आतां ये, असा त्याचा आशय होता. डाउलंड परतला, पण थोड्याच दिवसांत नोएल वारला. त्याच्या अंत्यविधीसाठीं डाउलंडनें प्रॉटेस्टंट पंथाच्या इंग्रजी स्तोत्रांना स्वर दिले.

१५९७ सालीं मात्र त्याचें नशीब एका वेगळ्याच दारानें उघडलें. त्यानें आपला पहिला गीतसंग्रह छापला. त्याची मांडणी मोठी चतुर होती. गाणें एकट्यानें ल्यूटच्या साथीवर म्हणतां येई, किंवा चौघांनीं चार आवाजांत. आणि चौघांचे स्वर एकाच उघड्या पानावर निरनिराळ्या दिशांना तोंड करून छापलेले, म्हणजे पुस्तक टेबलावर ठेवून भोंवतीं बसलेल्या प्रत्येकाला आपल्या बाजूनें वाचतां यावें. एका घरांत एकच पुस्तक घेतलें कीं काम भागे. त्याच्या हयातींतच या पुस्तकाच्या निदान चार आवृत्त्या पुन्हां निघाल्या. त्या काळच्या संगीताच्या पुस्तकाला हें भाग्य क्वचितच लाभे.

पुढच्या वर्षीं डेन्मार्कचा तरुण राजा ख्रिस्तियन चौथा यानें त्याला वर्षाला ५०० डालर वेतनावर ठेवून घेतलें. दरबारांतील फार थोड्या चाकरांना एवढा पगार होता. तरीही त्याच्या अंगावर कर्ज होई. मधल्या काळांत १६०० सालीं दुसरा व १६०३ सालीं तिसरा गीतसंग्रह लंडनमध्यें निघाला. १६०३ सालीं राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा जेम्स गादीवर आला. त्याची राणी ॲन ही डेन्मार्कच्या राजाची बहीण. ती स्वतः खाजगी रीतीनें कॅथलिक झाली होती असें इतिहासकार मानतात. डाउलंडनें पुन्हां आशेनें इंग्लंड गांठलें, रजेपेक्षां कितीतरी अधिक दिवस राहिला, आणि १६०४ सालीं राणी ॲनला एक पुस्तक अर्पण केलें. त्याचें नांव ‘लाक्रिमे’, म्हणजे अश्रु.

आमच्या तरुणानें देवळांत वाजविली ती रचना हीच. पाव्हान नांवाच्या संथ, मिरवणुकीच्या चालीच्या नृत्याचें तें रूप आहे. आरंभीं ती केवळ ल्यूटसाठीं होती. न्यूरेंबर्गच्या पत्रानंतरच्याच वर्षीं, १५९६ त, लंडनच्या एका पुस्तकांत ती रचनाकाराच्या संमतीवांचून व चुकांसह छापली गेली. मग १६०० च्या संग्रहांत तिच्यावर शब्द चढून तिचें गाणें झालें. आणि १६०४ च्या पुस्तकांत तिच्यापासून पांच गजवाद्यें व एक ल्यूट यांसाठीं सात पाव्हान जन्मल्या, सात अश्रु. प्रत्येकीचा आरंभ त्याच चार स्वरांनीं होतो. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर वरचा षड्ज, मग कोमल निषाद, कोमल धैवत आणि पंचम, बस्स. डोळ्यांतून निघून गालावरून ओघळणाऱ्या थेंबाची ती वाट आहे, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. सात अश्रूंना त्यानें लॅटिन नांवें दिलीं: जुने अश्रु, जुन्यांतून नवे झालेले, उसासणारे, दुःखी, बळेंच आणलेले, प्रियकराचे, आणि शेवटीं खरे अश्रु. पांचव्या नांवापाशीं मी वाचतांना नेहमीं थांबतों. आपल्या पुस्तकांत बळेंच आणलेल्या अश्रूंना जागा देणारा आणि त्यांनंतरच खऱ्यांकडे वळणारा मनुष्य स्वतःशीं अगदींच अप्रामाणिक नसावा. त्याच पुस्तकांतील एका रचनेला त्यानें आपल्याच नांवावर श्लेष करून लॅटिन नांव दिलें आहे. सदाचा डाउलंड म्हणजे सदाचा दुःखी, असा त्याचा भाव. सही करतांनाही तो कधीं कधीं अश्रूंचा डाउलंड अशी करी.

१६०६ सालीं डेन्मार्कची चाकरी सुटली. तो लंडनला आला तों तरुण वादकांची नवी पिढी पुढें आलेली, आणि त्यांना हा म्हातारा जुन्या वळणाचा वाटे. १६०९ सालीं त्यानें संगीतशास्त्रावरील एका जुन्या लॅटिन ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें आणि तें अर्पण केलें रॉबर्ट सेसिल यांनाच. न्यूरेंबर्गच्या पत्रास त्या वेळीं चौदा वर्षें झालीं होतीं.

१६१२ सालीं त्याचा शेवटचा संग्रह निघाला, ‘यात्रेकरूचें सांत्वन’. प्रस्तावनेंत नव्या वादकांविषयीं कडू तक्रार आहे. ती वाचतांना जरा हंसूं येतें, कारण प्रत्येक पिढीचा म्हातारा तीच करतो, आणि आमच्या गायनवृंदाविषयीं मीही केलेली आहे. पण या संग्रहाच्या उत्तरार्धांत भक्तिगीतें आहेत, आणि तीं डाउलंडच्या सर्वोत्कृष्ट रचनांत गणावीं लागतील. तीन गीतांची एक सलग माळ तर मला फार मोलाची वाटते. पहिल्यांत सर्वस्व गमावलेला ईयोब, दुसऱ्यांत शौलानें जिवावर उठून रानोमाळ पळविलेला दावीद, आणि तिसऱ्यांत बेथेस्दाच्या तळ्याकांठीं वर्षानुवर्षें पडून राहिलेला पंगू. संत योहानाच्या शुभवर्तमानांतील हा माणूस आपल्याला ठाऊक आहे. अडतीस वर्षें तो तळ्याजवळ आहे. पाणी हालतें, पण त्याला उतरविणारें कोणी नाहीं, आणि प्रत्येक वेळीं दुसराच कोणी पुढें जातो. दरबारच्या जागेसाठीं अठरा वर्षें वाट पाहिलेल्या वादकानें त्या पंगूचें गाणें रचलें आहे.

आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जेम्स राजाच्या दरबारीं त्याला ल्यूटवादकाची जागा मिळाली. त्याच्यासाठीं एक जादा जागाच काढण्यांत आली. त्याचें वय एकोणपन्नास होतें. या जागेवर तो शेवटपर्यंत राहिला, आणि नवलाची गोष्ट ही कीं त्यानंतर त्यानें जवळजवळ कांहींच रचलें नाहीं. १६२५ सालीं राजाच्या अंत्ययात्रेंत तो वादकांमध्यें होता. पुढच्या वर्षीं, २० फेब्रुवारी १६२६ रोजीं, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागांतील संत ॲनाच्या देवळाच्या आवारांत त्याला मूठमाती देण्यांत आली. जागा त्याचा मुलगा रॉबर्ट याला मिळाली. तें देऊळ १६६६ च्या मोठ्या आगींत जळालें व पुन्हां बांधलें गेलें नाहीं. तो प्रॉटेस्टंट देवळाच्या भूमींत निजला; अखेरच्या घटकेस त्याच्या मनांत पॅरिसचे ते दिवस आले कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या व देवाच्यामधला आहे.

ल्यूटही पुढें मागें पडलें. चाव्यांच्या व गजाच्या वाद्यांनीं त्याची जागा घेतली, आणि अडीच-तीनशें वर्षें डाउलंडचीं पुस्तकें कपाटांत राहिलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नल्ड डोल्मेच या कारागिरानें लंडनमध्यें जुनीं वाद्यें पुन्हां घडविलीं. परंतु हें संगीत घराघरांत पोंचविलें तें मुख्यतः गिटारवादकांनीं. त्यांत जूलियन ब्रीम (१९३३–२०२०) यांचें नांव पहिलें घ्यावें लागतें; ते गिटार व ल्यूट दोन्ही वाजवीत, आणि त्यांच्यासाठीं बेंजामिन ब्रिटन यांनीं १९६३ सालीं डाउलंडच्या पहिल्या संग्रहांतील एका निद्रागीतावर आधारलेली मोठी गिटाररचना लिहिली. २००६ सालीं स्टिंग या लोकप्रिय गायकानेंही डाउलंडच्या गीतांची तबकडी काढली. शास्त्री मंडळींनीं नाकें मुरडलीं, पण माझ्या मतें त्यानें कांहीं बिघडलें नाहीं.

आतां गिटारीवर हें वाजतें कसें तें थोडक्यांत, कारण ज्युबिलीच्या तयारींत मला तें अनेकांनीं विचारलें आहे. ल्यूटच्या मुख्य सहा तारा खालून वर जातांना प्रत्येक पुढची तार मागचीचा मध्यम असते. फक्त मधल्या दोघींत गांधाराचें अंतर. गिटारींत हें गांधाराचें अंतर एक तार वर सरकलेलें आहे. म्हणून गिटारीची तिसरी तार अर्धा स्वर उतरविली कीं दोन्ही वाद्यांचीं अंतरें तंतोतंत जुळतात. मग ल्यूटची मूळ लिपि थेट गिटारीवर वाचतां येते. ही लिपि फार सोपी आहे: सहा तारांच्या सहा रेघा, आणि त्यांवर अक्षरें, पहिलें अक्षर म्हणजे मोकळी तार, दुसरें म्हणजे पहिला पडदा, याप्रमाणें. ल्यूटच्या उंचीचा स्वर हवा असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो नांवाचा चिमटा लावावा. अडचण येते ती खालच्या अंगाला. डाउलंडच्या उत्तरवयांत ल्यूटला सातवी, आठवी, नववी अशा आणखी खर्जाच्या तारा लागल्या होत्या, आणि गिटारीला त्या नाहींत. तेव्हां सहावी तार एक स्वर उतरवावी, किंवा ते स्वर वरच्या सप्तकांत घ्यावेत. नखांचा आवाज धारदार येतो. आमच्या तरुणानें त्यासाठीं उजव्या हाताचीं नखें कापून टाकलीं आहेत, आणि त्याबद्दल गायनवृंदांतील इतर गिटारवाले त्याला हंसतात.

ज्युबिलीच्या संध्याकाळीं मिस्सा झाल्यावर तो ही पाव्हान वाजविणार आहे. ती सुमारें पांच मिनिटांची आहे. ध्वनिक्षेपक लावावयाचा नाहीं असें ठरलें आहे, तेव्हां तेवढा वेळ देवळांतील पंखे बंद राहतील. मागच्या बांकांवरील मंडळींनीं कृपा करून पुढें येऊन बसावें, आणि लहान मुलांना आधींच पाणी पाजून आणावें.